बहादरपूरचं नाक

तीन ग्लास समोर होते आणि त्यातला वेगळा कोणता ते मला कळत नव्हतं. शेजारच्या कप्प्यात कविताचं पेन कागदावर चालू होतं. म्हणजे तिला कळलं होतं.

जर्मनीतल्या एका ब्रुअरीच्या लॅबमध्ये आम्ही दोघं ट्रेनी होतो. मी बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरचा, केळीवाल्या घरचा. ती नेपानगरची, तिचे वडील पेपर मिलमध्ये. दिवसभर लॅब, संध्याकाळी परदेशी लोकांसाठीचा इंटिग्रेशन कोर्स. टेस्टिंग पॅनलवर एकच जागा रिकामी होती. ती ज्याला मिळेल तो परमनंट, दुसऱ्याने कॉन्ट्रॅक्ट संपलं की सामान बांधायचं.

निवड ट्रँगल टेस्टवर. तीन ग्लास ठेवतात, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी ओळखायची आणि वेगळेपण कशात आहे ते लिहायचं. ‘माहीत नाही’ चालत नाही. तोवर आम्ही बरोबरीत होतो. लोण्यासारखा वास मी तिच्या आधी पकडायचो. तो आला म्हणजे बिअर टाकीतून घाईने काढलेली. उकडलेल्या मक्याचा वास ती पकडायची.

खरं दुखणं शुक्रवारचं होतं. काम संपलं की सगळे कँटीनमध्ये बसून कुणाला कोणती बिअर आवडते यावर तासभर वाद घालायचे. मी पिल्सवाला. कडू, स्वच्छ. मी कारणांसकट सांगायचो, लोक मान डोलवायचे आणि विषय बदलायचे. कविताने गव्हाची बिअर पहिल्यांदा तोंडाला लावली आणि म्हणाली, “अरे यार, ही तर पूरी शिकरण आहे.”

मी हसलो. आमच्या बॉस उर्सुला मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शिकरण म्हणजे काय ते तिच्याकडून समजून घेतलं आणि सगळ्या टेबलाला सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. कोर्समध्ये मार्क मला जास्त, जर्मन माझं बरं, तरी खुर्ची ओढायचे ते तिच्या शेजारी. मी जळायचो. दुसरा शब्द नाही.

शेवटची टेस्ट गव्हाच्या बिअरची निघाली.

“आज तुझा दिवस, नितीन,” उर्सुला मॅडम म्हणाल्या. “केळ्याचा वास ओळखायचाय.”

इंटरव्ह्यूत मीच ऐटीत सांगितलं होतं की आमच्या गावाभोवती नजर जाईल तिकडे केळीच्या बागा आहेत. या बिअरमध्ये केळं घालत नाहीत. यीस्टच तो वास तयार करतं, आणि टाकी गरम राहिली तर तो वाढतो. एक ग्लास तसल्या टाकीतला होता.

मी हुंगत राहिलो. माझ्या डोक्यातलं केळं म्हणजे हाताला चिकटलेला चीक, ओली पानं, नुकतंच कापलेलं खोड. ते तिन्ही ग्लासांत कुठे नव्हतं. शेवटी मधल्यावर खूण केली आणि लिहिलं, ओल्या पानांचा वास.

“पानांचा?” मॅडमनी कागद वर धरला.

“आमच्याकडे केळ्याला तसाच वास येतो.”

“पिकलेल्या?”

मी मधला ग्लास पुन्हा नाकाशी नेला.

कविता बाहेर भेटली. तिने उजवीकडचा ग्लास बरोबर सांगितला होता. “काय रे, घरी केळी खात नव्हतास काय?”

“आमच्याकडे कोण खातं? हिरवा घड कापला की सीधा ट्रकमध्ये. पिकतात ती दिल्लीला जाऊन. एखादा झाडावर पिकलाच तर तो गुरांपुढे.”

“अरे देवा. आमचे बाबा ठेल्यावरून दर शनिवारी आणायचे, उपासाला.” तिला मनापासून वाईट वाटलं होतं. ते मला जास्तच झोंबलं.

जागा तिला मिळाली. मी बुऱ्हाणपूरला परतलो. स्टेशनवरून घरी जाताना शनवारा चौकात केळ्यांचा ठेला दिसला. रिक्षा थांबवली आणि पिकलेली डझनभर केळी घेतली. रिक्षातच एक सोलून नाकाशी धरलं. उजवीकडचा ग्लास. तोच, हुबेहूब.

घरी वडिलांनी, आबांनी, पिशवी बघितली. “घरी एवढी बाग, आनि तू केळी विकत आणतो?”

“परदेशात लागतात,” मी म्हणालो.

आता मी इथेच केळ्याच्या चिप्सच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. चिप्स कच्च्या केळ्याच्या असतात, त्यामुळे माझं छान चाललंय. कविता आज त्या पॅनलची हेड आहे. तिचा ग्लास घेतलेला फोटो आला की मी लगेच लाइक करतो, आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलत नाही. इंटरव्ह्यूला निघालेली मुलं सल्ला मागायला येतात. त्यांना एवढंच सांगतो, गावाचं नाव खुशाल सांगा, पण गावात जे पिकतं ते आधी एकदा खाऊन जा.