आतून उघडणारी जाळी

आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा आमच्या सोसायटीत खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवायला एक सरदारजी यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलायचे कमी, आणि सारखे खांद्यावरच्या रुमालाने घाम टिपायचे. मात्र प्रत्येक घरात कुणी न सांगता एका जाळीला छोटंसं दार ठेवायचे, आतून कडी असलेलं.

"यहाँ से तो चोर आएगा," आमचे हे वैतागून म्हणाले.

कडीत तेल सोडत सरदारजी म्हणाले, "चौरासी में मेरे घर की जाली पक्की थी, साहब. मैंने ही लगाई थी. दंगेवालों ने आग लगाई, तो अंदर से कोई निकल नहीं पाया."

ते स्वतः त्या दिवशी कामावर गेले होते. ह्यांनी ते दार तसंच ठेवू दिलं.

पुढे सोसायटीत चोऱ्या झाल्या आणि मीटिंगमध्ये ठरलं, ही सगळी दारं वेल्डिंग करून बंद करायची. बोलावलं त्यांनाच. मला वाटलं होतं, नाही म्हणतील. ते आले आणि मुकाट्याने एकेक घर करत गेले.

आमच्याकडचं काम संपलं असेल म्हणून मी चहा घेऊन खोलीत गेले. सरदारजी आतून दोन्ही हातांनी जाळी बाहेर ढकलत होते. लोखंड अजून गरम असणार.

"पक्की हो गई, सरदारजी," मी म्हटलं.

तरी ते ढकलतच राहिले.