अप्पांचं तेल

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. सुहासपाशी, म्हणजे माझ्या नवऱ्यापाशी, तर नाहीच. सख्ख्या बहिणीला मी माझ्या पगारापासून पाळीपर्यंत सगळं सांगते, पण तिलाही हे सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढं एक बरं आहे. आणि मध्येच उठून मी फडकं आणायला गेले तर नवल मानू नका. हात रिकामे असले की मला एका जागी बसवत नाही.

फरशीपासूनच सुरुवात करते, ते सोपं आहे. तेलाचा डाग कसा काढायचा हे इथं गुजरातेत, आमच्या गोत्री भागातल्या सोसायटीत, मलाच विचारतात. "मेधाभाभी, सोफा पर तेल पडी गयुं छे, शुं करुं?" मी सांगते — आधी चोळू नका. पाणी तर मुळीच टाकू नका, पाणी टाकलं की संपलं. टाल्कम पावडर जाड पेरा, दुपारभर तशीच राहू द्या, मग कोरड्या ब्रशनं झटका. उरलंच काही तर भांड्यांच्या लिक्विडचा नुसता फेस घ्या आणि डागाच्या कडेकडून आत या. फरशीला गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, आणि लगेच कोरडं फडकं, नाहीतर ती चिकट राहते. भिंत सगळ्यात वाईट. खडूची पूड फासा, काही करा, तेल आत मुरलेलं असतं. वरून नवा रंग दिला तरी महिन्याभरात पुन्हा वर येतं.

एवढं ज्ञान मला कशानं आलं? अप्पांमुळे.

अप्पा म्हणजे माझे सासरे. जन्मभर शाळेत गणित शिकवलेले. सडपातळ, ताठ, आणि ऐंशीच्या आसपासही पाठीला बाक नाही. लहानपणी जुन्या गावात, पाणीगेटजवळच्या आखाड्यात जायचे, आणि तिथली एक गोष्ट त्यांनी कधी सोडली नाही — रोज सकाळी अंगाला तिळाचं तेल. कमरेला पंचा, बाल्कनीत पाट, आणि तळपायापासून मानेपर्यंत सावकाश, अगदी मन लावून मालिश. मग थोडा वेळ उन्हात बसायचं आणि डाळीचं पीठ लावून आंघोळ. साबणाला शिवायचे नाहीत. साबणानं जिरलेलं तेल निघून जातं म्हणे.

जिरलेलं कुठलं? ते सगळं माझ्या घरात उतरायचं.

आम्ही पाणीगेटला राहायचो तोवर मला हे कधी दिसलंच नव्हतं. तिथली कोटा फरशी तेल पिऊन टाकायची, पॉलिश केल्यासारखी चमकायची उलट. गोत्रीच्या फ्लॅटमध्ये पांढऱ्या गुळगुळीत टाइल्स आल्या. सकाळचं तिरपं ऊन पडलं की बाल्कनीपासून बाथरूमपर्यंत अप्पांची पावलं उमटलेली दिसायची, पाची बोटं वेगवेगळी. ते बसायचे तिथं सोफ्याच्या पाठीवर डोक्याचा गोल डाग. हाताशी डाग, उशीवर डाग. दाराच्या चौकटीला आधाराला हात लावायचे, तिथंही बोटं. मी मागून पुसत जायची. ते पुढं, मी मागं.

आणि रविवारी बाबूकाका यायचे. अप्पांचे आखाड्यापासूनचे मित्र, अजून पाणीगेटलाच राहणारे. स्वतःच्या पाठीला स्वतःचा हात पोचत नाही, म्हणून लहानपणापासून या दोघांचा शिरस्ता होता. दर रविवारी एकमेकांच्या पाठीला तेल लावायचं. लग्नं झाली, मुलं झाली, दोघांच्याही बायका गेल्या, शिरस्ता मोडला नाही. रिक्षा करून यायचे बिचारे गावाच्या त्या टोकावरून. दोघे म्हातारे उघडे बसायचे बाल्कनीत. अप्पांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे बाबूकाका ओरडून बोलायचे आणि समोरच्या इमारतीला सगळ्या गप्पा ऐकू जायच्या. हसायचे दोघं. पाठीवर चापट मारल्याचे आवाज यायचे.

मला लाज वाटायची. हे सांगायलाही जड जातंय, पण खरं तेच आहे.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. नवा सोफा आलेला — मोतिया रंगाचा, मी हट्टानं घेतलेला. सोसायटीतल्या गुजराती बायकांनाही बोलावलं होतं, त्या नटूनथटून आल्या होत्या. त्यातली एक नेमकी अप्पांच्या जागेवर टेकली, आणि उठली तेव्हा तिच्या पोपटी रेशमी साडीवर खांद्यापाशी तेलाचा डाग. "कंई वांधो नहीं, चाले," म्हणाली ती. हसत म्हणाली. पण दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं, ते मी पाहिलं. चारचौघींत माझं नाक कापलं गेलं असंच मला वाटलं. कशासाठी? एका डागासाठी!

मी अप्पांना सरळ सांगायला हवं होतं. "अप्पा, सोफ्यावर डाग पडतात, जरा बघा." ते ऐकणारे होते, मास्तर असले तरी हेकट नव्हते. पण त्यांना सांगितलं की सुहासच्या कानावर जाणार, सुहास म्हणणार — म्हाताऱ्या माणसाच्या एवढ्याशा गोष्टीवर तुझा डोळा? मला वाईट सून व्हायचं नव्हतं. तेल जायला हवं होतं आणि मला चांगलंही राहायचं होतं.

बरं. आता फिरवत बसत नाही.

त्याच आठवड्यात अप्पांना नेहमीच्या तपासणीला नेलं होतं. सुहासची नोकरी बाहेरगावी, डभोईला, तेव्हा दवाखान्यात नेहमी मीच जायची. डॉक्टर हळू बोलणारे, अप्पांना त्यांचं बोलणं ऐकूच यायचं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. बाहेर आलं की मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं सगळं सांगायची. त्यांचे कान म्हणजे मी होते. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम आहे, मीठ जरा कमी करा. बस, एवढंच.

रिक्षात अप्पांनी विचारलं, "काय म्हणाले गं?"

मी म्हटलं, सगळं छान आहे म्हणाले. फक्त अंगाला तेल बंद करायचं. या वयात कातडीला सोसत नाही, घाम अडतो आणि हृदयावर ताण येतो. — हे सगळं मला त्या क्षणी सुचलं. एकदाही अडखळले नाही. मीही शाळेत शिकवते, मुलांना खोटं बोलल्याबद्दल उभं करते, आणि माझी जीभ अशी सरसर चालली.

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही, अप्पा."

मग त्यांनी विचारलं, "बाबूच्या हातचंसुद्धा?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्यांनी वाद घातला नाही. डॉक्टर म्हणाले म्हणजे झालं. घरी आल्या आल्या तेलाची बाटली माझ्या हातात दिली, म्हणाले, दिव्याला वापर. आणि मी वापरली. संपेपर्यंत रोज संध्याकाळी त्याच तेलाचा दिवा लावला, हात जोडले. तेव्हा काही वाटलं का? नाही. फरशी किती छान दिसतेय, असं वाटलं होतं.

थंडीचे दिवस होते. पंधरवडा गेला असेल नसेल, अप्पांच्या पायांची कातडी फुटायला लागली. नडग्यांवर पांढरे पापुद्रे. खाजवायचे. पाठीला हात पोचत नाही म्हणून शाळेतली जुनी लाकडी पट्टी शोधून काढली आणि शर्टाच्या आत घालून खाजवत बसायचे. मी दुकानातून लोशन आणून दिलं, डाग न पडणारं. ते निमूटपणे लावायचे. "याला तिळाचा वास नाही," एवढंच एकदा म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, आपलं असंच.

बाबूकाका येत राहिले. दोघं बाल्कनीत बसायचे, शर्ट घालून, खुर्च्यांवर. हातांना काही कामच नव्हतं. बोलणं लवकर संपायचं. हळूहळू ते एक रविवार सोडून यायला लागले, मग नुसते सणावाराला. नुसतं बसायला म्हातारा माणूस एवढ्या लांबून किती दिवस येणार? समोरच्या इमारतीला आता आमच्याकडचं काही ऐकू जात नव्हतं. अप्पा दुपारभर झोपायला लागले.

आणि आता जे सांगणार आहे त्यापाशी आले की मी दर वेळी उठते. आजही उठले होते, ओटा पुसून आले.

सोफ्यावर डाग पुन्हा दिसला. अप्पांच्या जागेवर नाही, टीव्हीसमोरच्या कोपऱ्यात. सुहासची जागा. तो केसांना खोबरेल लावतो, लग्नाच्या आधीपासून लावतो, मला माहीत नव्हतं थोडंच! मी काय केलं असेल? एक नॅपकिन घेतला, धुतलेला, फुलांचा, आणि सोफ्याच्या पाठीवर टाकला. झालं. सुहासला एका शब्दानं बोलले नाही. बोलायचं सुचलंसुद्धा नाही. तसाच एक नॅपकिन अप्पांच्या पाठीमागे टाकता आला असता. कपाटात डझनभर पडले होते.

त्या दिवशी मला स्वच्छ कळलं की मी काय केलंय. तेव्हा तरी मागे फिरायचं होतं. सोपं होतं — "दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले चालेल." वाक्य तयारही केलं होतं मी. पण तोवर सुहास सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटला होता, मेधा अप्पांचं पथ्य किती सांभाळते म्हणून. नणंदेनं फोन करून कौतुक केलं. मला ते कौतुक सोडवेना. एवढंच कारण होतं. याहून बरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

मग दिवाळी आली. पहिली आंघोळ. पहाटे उठून सगळं केलं मी — पाट, पाटाभोवती रांगोळी, उटणं, चांदीच्या वाटीत कोमट सुगंधी तेल. आमच्या मुलीला, ईशाला, आजोबांना तेल लावायचं होतं. दर दिवाळीला तीच लावायची, लहान होती तेव्हापासून. ती वाटी घेऊन पुढं झाली तर अप्पांनी हात मागे घेतला. "नको गं बाळा, डॉक्टरांनी नाही सांगितलंय. आईला विचार, ती होती तिथं."

ईशानं माझ्याकडे पाहिलं. "टाळूवर एक थेंब तरी, आई? दिवाळी आहे."

एक थेंब. घरात कुणी पाहुणं नव्हतं. सोफा लांब होता. अप्पा बाथरूमच्या दाराशी पाटावर बसले होते, लगेच आंघोळ होती, फरशी मीच धुणार होते. काहीही डागाळणार नव्हतं. फक्त माझं खोटं ढिलं पडलं असतं.

"नको," मी म्हटलं. "पथ्य म्हणजे पथ्य."

अप्पांनी मान डोलावली. ईशाला म्हणाले, "बघ, तुझी आई माझी किती काळजी घेते." आणि कोरड्या अंगावर स्वतःच उटणं चोळायला लागले. नडग्यांवर ते झोंबलं असावं, पाय आखडून घेतले त्यांनी. ईशानं तेलाची वाटी देवापाशी नेऊन ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. झोपेतच, हृदयानं. तेल लावलं असतं तर जगले असते असं नाही, तसला हिशेब मी मांडत नाही. पण शेवटची ती सव्वा-दीड वर्षं त्यांच्या अंगाला माणसाचा हात लागला नाही, एवढं मला माहीत आहे. रविवारचा तो हात मी तोडला.

तेराव्यानंतर बाबूकाका आले. काठी घेऊन, हळूहळू. बाल्कनीत अप्पांच्या खुर्चीशेजारी बसले, चहा घेतला. त्यांचे हात मला दिसले — राखेसारखे पांढरट, भेगाळलेले, अगदी अप्पांच्या पायांसारखे. मी काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "त्यानं सोडलं तसं मीही सोडलं, मेधा. एकाच आखाड्यातली अंगं आमची, त्याला बाधतं ते मला नाही बाधणार? थंडीत फार त्रास होतो, झोप लागत नाही. पण डॉक्टर उगाच नाही सांगणार. बरोबर ने?"

मी म्हटलं, "हो, काका. बरोबर आहे."

सुहास तिथंच दारात उभा होता. पण तो नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

बाबूकाका आहेत अजून. पाणीगेटला, त्याच घरात. सुहास मधूनमधून फोन करतो त्यांना, परवाही केला होता. अजून तेल लावत नाहीत.