वसंताची सम

मंडळी, आज दुपारी डोंबिवलीला वसंताकडे जाऊन आलो. माझा शाळासोबती. पक्षाघातानंतर त्याची वाचा गेली आहे. सूनबाई दारातच म्हणाली, "काका, बाबा हल्ली कुणालाच ओळखत नाहीत. मनाला लावून घेऊ नका."

एकोणीसशे पन्नासच्या सुमारास कल्याणच्या आमच्या आळीत एकच रेडिओ होता, वसंताच्या घरी. मी कवितावेडा. पाठ्यपुस्तकातल्या कविता त्याला म्हणून दाखवायचो आणि बदल्यात तो मला राग सुचवायचा. "रविवारी दुपारी भीमपलास आहे, चुकवू नकोस!" हे वर्गात, मास्तरांची पाठ वळली की.

मला मात्र कंटाळा यायचा. "अरे, यात शब्द कुठायत?"

"शब्द सोड रे, कविराज! नुसता बस माझ्याजवळ." तबला फिरून समेवर आला, की तो माझ्या मांडीवर थाप मारायचा. ताल मी असा मांडीनेच शिकलो.

आज त्याच्या उशाशी मोबाईलवर भीमपलास लावला. त्याचे डोळे मिटलेलेच. मी त्याचा हात हातात घेऊन बसलो. बराच वेळ काहीच नाही. आता निघावं, असं मनात आलं.

तेवढ्यात सम आली आणि माझ्या तळहातावर त्याचं बोट टेकलं. आवर्तन फिरून आलं, पुन्हा टेकलं.

"ओळखलं गं त्याने," मी सूनबाईला म्हणालो.

तुम्हाला पहिला राग कुणी ऐकवला? ते माणूस अजून असेल, तर जाऊन जवळ बसा. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल.