हृदयाच्या खोक्यातली सही

दहावीला मी गणितात नापास झाले. विज्ञानात नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण ‘दहावी नापास’ म्हटलं की लोक सगळेच विषय धरून चालतात.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका गाळ्यात आम्ही आठ बायका माणसाचे अवयव रंगवतो. शाळेत, नर्सिंगच्या वर्गात टेबलावर ठेवतात ती प्लास्टिकची मॉडेलं. कान, डोळा, किडनी, सांगाड्याचा हात आणि मधोमध कापून उघडं दाखवलेलं हृदय. साच्यातून आलेला तुकडा घासायचा, रंगवायचा आणि चिमट्याने त्यावर आकड्यांचे बारीक स्टिकर लावायचे. कुठला आकडा कुठे आणि त्या भागाचं नाव काय, ते ऑफिसातून आलेल्या शीटवर छापलेलं असतं. शेवटी खोक्यात एक चिठ्ठी टाकायची आणि तिच्यावर स्टिकर लावणारीने सही करायची. माल परत आला तर कुणाला धरायचं, ते त्या सहीवरून कळतं.

माल परत आला की चूक बायकांची, हा आमच्या गाळ्यातला नियम. साचा वाकडा असला तरी बायकांची, शाई पुसट असली तरी बायकांची. एकदा टेम्पोत पाणी शिरून किडन्यांवरचे स्टिकर सुटले, तरी चिठ्ठीवर जिची सही होती तिला घरी बसवलं. पाऊसही बहुतेक तिनेच पाडला असणार. तेव्हापासून सही करण्याआधी मी माल दोनदा बघते.

हे काम मला एका म्हाताऱ्या बाईंनी शिकवलं. आता त्या बदलापूरला लेकीकडे असतात. पहिल्या दिवशी मी हृदयावरचे आकडे उलटे लावले. सगळ्याच नव्या बायका लावतात. हृदय समोर धरलं की जी बाजू आपल्या डाव्या हाताला येते तिलाच आपण डावी म्हणतो. बाई म्हणाल्या, “अगं, डावं तुझं नाही धरायचं, ज्याचं हृदय आहे त्याचं धरायचं. घालून बघ.” मला काही कळेना. मग उल्हासनगरच्या बाजारात ब्लाऊज अंगाला लावून बघतात, तसं त्यांनी ते हृदय माझ्या छातीला लावलं, उघडी बाजू बाहेर ठेवून. “आता सांग, डावं कुठलं?” मी सांगितलं आणि पुन्हा कधी चुकले नाही.

बाकीचंही त्यांनी असंच अंगावर शिकवलं. अँटेरियर म्हणजे पुढचं, पोस्टेरियर म्हणजे मागचं. मेडियल म्हणजे मधल्या रेषेकडचं, लॅटरल म्हणजे कडेचं. करंगळीकडचं हाड अल्ना, अंगठ्याकडचं रेडियस. फुप्फुसाकडे जाणारी धमनी निळीच रंगवायची, धमनी म्हणून लाल करायची नाही, कारण तिच्यात अशुद्ध रक्त असतं. आमच्या गाळ्यात कुणी ‘गुडघा दुखतोय’ म्हणत नाही, ‘आज पटेला बोलतोय’ म्हणते. एकदा दवाखान्यात मी डॉक्टरांना सांगितलं, पाठीत उजव्या स्कॅप्युलाच्या, खांद्याच्या पात्याच्या खाली दुखतंय. त्यांनी मान वर करून विचारलं, “नर्स आहात का?” म्हटलं, “नाही, स्टिकर लावते.” ते हसले. मी काही हसले नाही. त्यात हसण्यासारखं काय होतं?

गेल्या वर्षी शेठचा मुलगा शिकून आला आणि कामात लक्ष घालू लागला. जुन्या काळ्या-पांढऱ्या शीट त्याने फेकून दिल्या आणि नव्या रंगीत छापून आणल्या. दिसायला झकास. मी हृदयाची शीट हातात घेतली आणि थांबले. चारही कप्पे उलटे होते. उजवी कर्णिका, डावी जवनिका, सगळं त्याने बघणाऱ्याच्या हाताप्रमाणे लिहिलं होतं. पहिल्या दिवशी मी केलेलीच चूक. माझी एका हृदयावर होती, त्याची मात्र गठ्ठ्याने छापून आली होती.

मी उठून त्याच्याकडे गेले. “छोटे शेठ, शीटवर डावं-उजवं उलटं पडलंय.”

तो मोबाईलमध्ये बघत म्हणाला, “मावशी, कंप्युटर से निकाला है. आप बस लगाते जाओ.”

मी हृदय छातीला लावून दाखवलं. तो हसायला लागला. “आप डॉक्टर हो क्या?”

“डॉक्टर नाही. पण ही निळी बाजू बघा. अशुद्ध रक्त येतं ती बाजू उजवी. आणि ही भिंत बघा किती जाड आहे. इथून सगळ्या अंगाला रक्त ढकलायचं असतं, म्हणून जाड. जाड भिंतीची जवनिका डावीच असते. तुमच्या साच्यातच आहे, मी नाही केलेली.”

“लगाना है तो लगाओ,” तो म्हणाला, “नहीं तो कल से मत आना.”

नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, बुवापाड्यातलं घर माझ्या एकटीच्या कामावर चाललेलं. शेजारी बसणारी कुजबुजली, “लाव गं बाई. आपल्याला काय करायचंय?” मी लावले. हो, लावले, खोटं कशाला बोलू? पोट कुणाला चुकलंय. पण उद्या कुणी मुलगी नर्सिंगच्या परीक्षेत हे उलटं हृदय पाठ करून जाणार, आणि चिठ्ठीवर सही माझी! हात त्यांना दिवसभर वापरायला दिलेत, सही नाही दिलेली.

मग मी प्रत्येक चिठ्ठीवर सहीच्या वर लिहिलं : ‘या हृदयाचं डावं-उजवं उलटं आहे. मी सांगितलं, ऐकलं नाही.’ खोकी बंद करायचं काम आमचंच. चिठ्ठ्या वाचतोय कोण?

एका नर्सिंग कॉलेजातल्या मॅडमनी वाचली आणि डीलरला कळवलं. पंधरा-वीस दिवसांत सगळी हृदयं टेम्पोतून परत आली आणि त्यांच्या मागोमाग मोठे शेठ आले. उल्हासनगरचे सिंधी, पण मराठी माझ्याइतकं वाचतात. त्यांनी चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली आणि माझ्यावर ओरडले, “कंपनीची इज्जत काढलीस तू! मला फोन करायचा होता.”

“तुमचा नंबर आम्हाला कोण देतं, शेठ?”

दुरुस्त केलेल्या शीट त्यांनी बरोबरच आणल्या होत्या. जुने स्टिकर काढा, नवे लावा, संध्याकाळपर्यंत टेम्पो भरा, असा हुकूम झाला. चूक कुणाची, हे कुणीच बोललं नाही. आम्ही दिवसभर खरवडलं, पुन्हा लावलं. या वेळी सगळं बरोबर होतं. मी आठ-दहा हृदयं छातीला लावून बघितली.

शेवटी कोऱ्या चिठ्ठ्या आल्या. मोठे शेठ माझ्यासमोर उभे राहिले. “फक्त सही. बाकी एक अक्षर नको.”

मी पेन खाली ठेवलं. “आधी शीटवर छोट्या शेठची सही पाहिजे.”

“काय?”

“स्टिकर चुकला तर आमची सही आहे. शीट चुकली तर कुणाला धरायचं? जो शीट काढतो त्याने शीटवर सही करायची. मग आम्ही चिठ्ठीवर करतो.”

“तुला घरी जायचंय का, बाई?”

मला भीती वाटली. घरचं सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि तरीही पेन उचलायला हात जाईना. तेवढ्यात शेजारणीने, त्याच ‘आपल्याला काय करायचंय’वालीने, आपलं पेन माझ्या पेनाशेजारी ठेवलं. मग पलीकडचीने ठेवलं. बघता बघता आठ पेनं टेबलावर आडवी झाली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

मोठे शेठ मुलाकडे वळले. “साइन कर.”

“पापा, इन लोगों के कहने पर...”

“साइन कर!”

त्याने माझं पेन उचललं आणि शीटच्या कोपऱ्यात एक फराटा ओढला. मी शीट हातात घेतली, उजेडाकडे धरून बघितली आणि त्याच्यापुढे परत सरकवली.

“नाव वाचता येईल अशी करा,” मी म्हटलं. “आमची येते.”