चावी, अंगठा अन् डबा

आमच्या कॉम्प्युटर सेंटरच्या कपाटात जुन्या वायरी कोंबल्या होत्या. एक ओढाले गेलं का धा बाहेर येत. गोष्टीयचं तसंच हाय बावा! मी अमरावतीले युनिव्हर्सिटीत शिपाई होतो. कॉम्प्युटर चालू कराले कधी जमलं नाई, पण बंद पाडाले आपण एक नंबर!

आमचे पाठक सर, सर्व्हर पाहणारे, रोज अकोल्याहून येत. जुन्या शहरात घर, घरी म्हातारी आई एकटी. एक दिवस ते पडली, खुब्याचं हाड मोडलं. सर वरच्या सायबाले म्हणे, "अकोल्यातूनच इथलं सर्व्हर चालवतो. पक्कं कुलूप घालून, कोणी घुसणार नाही असं."

सायेब म्हणे, "सोमवारी अकरा वाजता रिझल्ट तिकडूनच टाकून दाखवा. जमलं तर आईजवळ बसा. नाही तर रोज गाडी धरा!"

मंग काय, सर लागले कामाले.

*

पयले पासवर्ड. सर दर महिन्याले सगळ्याईले बदलाले लावत. काळे मॅडम आपला पासवर्ड कॅलेंडरवर बारीक लिहून ठेवे. एक तारखेले सकाळी मी पान फाडलं, अन् मॅडम कॉम्प्युटरच्या बाहेर!

*

मंग सर म्हणे, "बाबाराव, पासवर्डही नको. दोन चाव्या करतो. एक पब्लिक, कोणालेही द्या. एक प्रायव्हेट, ते फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये. तिलेही कुलूप, एक वाक्य. जे मी कधी विसरणार नाही अन् दुसऱ्याले सुचणार नाही."

मी म्हणलो, "पब्लिक चावी तं आपल्यापाशी कवाचीच हाय!" अन् संडासची चावी त्याईच्या टेबलावर ठेवली.

*

रविवारी सराचा अकोल्याहून फोन. "बाबाराव, मशीन आपला अंगठा दाखवून राहिलं, म्हणजे ओळखीची अक्षरं. आपलंच सर्व्हर आहे ना, बघायचं आहे. तिथल्या खोक्यावर तीच अक्षरं लिहून कागद चिकटवला, तो वाचा."

मी म्हणलो, "सर, एवढं शिकेल यंत्र, अन् अंगठाछाप? माह्यासारखंच!"

"वाचा हो!"

आता मले इंग्रजी कुठं येते? मी म्हणलो, "खुर्ची. मंग उलटी खुर्ची. अंडं. साप. दुसरा साप, पण उलटा..."

तिकडून सर, "थांबा! उलटा साप की दोनचा आकडा?"

"जेवून गुंडाळून बसला तसा हाय, सर."

अर्धा घंटा गेला, पण अंगठा जुळला! सर म्हणे, "बाबाराव, तुमी नसते तं मेलो असतो." मी म्हणलो, "मी शिकलो असतो तं लवकर सुटले असते."

*

सोमवार उजाडला. सायेब माह्या बाजूले खुर्ची टाकून बसले. बाहेर पोट्ट्याईची गर्दी. फोन स्पीकरवर. अकराले पाच मिनिटं बाकी, अन् तिकडून सराचा आवाज रडवेला.

"वाक्य घेत नाही, बाबाराव! तीनदा टाकलं. घाबरलो की काय कोण जाणे, आठवतच नाही!"

सायेब घड्याळाकडे पाहून म्हणे, "उद्यापासून गाडी धरा, पाठक."

सर ओरडले, "अहो, आत जाताच येत नाही!"

'जाता' एवढंच म्हातारीच्या कानी पडलं. ते आतून खाटेवरून ओरडली, "जातोस? प्रकाश, डबा घेतला का रे?"

गाडीची वेळ नाई, कुठं जायचं नाई, अन् डबा करणारीच खाटेवर!

मंग तिकडून खटखट खटखट बटनं वाजले. इकडे पडद्यावर रिझल्ट आला. सायेब उठून टाळ्या वाजवून राहिले. अन् फोनमधून सर म्हणे, "नाही घेतला, आई. पण पोचलो."

मी सायबाले काई बोललो नाई. संध्याकाळी फोन करून हळूच इचारलं, "सर, डबा घेतला का?"

सर म्हणे, "बाबाराव, तुमच्या पाया पडतो, कोणाले सांगू नका!"

आता मी रिटायर झालो, अन् त्याईची आई जाऊन दोन वर्सं झाले. परवा सर अकोल्याच्या स्टेशनवर भेटले. मी इचारलं, "सर, दर महिन्याले आमाले पासवर्ड बदलाले लावत होते. तुमी ते वाक्य बदललं का नाई?"

सर गाडीकडे पाहत म्हणे, "बाबाराव, डबा मी रोज घेतो."