आणखी एक ठिणगी

विश्रामबागेत आमच्या खालच्या गाळ्यात सोफ्यांचं काम चालतं. आज तिथं कुणीतरी फोमचा तुकडा जाळला आणि तो कडवट, घशात बसणारा वास जिन्यानं वर आला. मी खिडकी लावून घेतली, तर वास आतच राहिला. हातातला फोन ठेवला, पुन्हा उचलला.

मी नोकरीत होते तेव्हा साताऱ्याबाहेरच्या आमच्या चाचणीच्या शेडमध्ये हाच वास कपड्यांना असायचा. विमानाच्या इंधनटाकीत भरायचा जाळीदार फोम आम्ही तपासायचो. टाकीत ठिणगी पडली तरी आग पसरू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. एका दुपारी जाड काचेमागून मी ठिणगीचं बटण दाबलं. टाकीत फट्‌ असा बारीक आवाज झाला आणि पुढं सगळं शांत.

"काय झालं न्हाई!" आमचे फिटर किसनराव ओरडले. ते फलटणकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा तेव्हा फौजेत हेलिकॉप्टर चालवायचा. आम्ही टाळ्या वाजवल्या, पण ते काचेपासून हलेनात.

"म्याडम, आनी एकदा करूया की."

केलं. पुन्हा काही झालं नाही.

"आनी एकदा."

"अहो किसनराव, पास झाला फोम!" मी वैतागले. "विश्वास नाही का तुमचा?"

"फोमवर लय हाय," ते म्हणाले आणि बटणाकडेच बघत राहिले.

आता माझी लेक विमान चालवते. संध्याकाळी एकदाचा तिचा फोन आला.

"उतरले गं आई. काही झालं नाही."

"परत सांग," मी म्हणाले.