दोरी मनगटाला गुंडाळायची नाही

हिरवं कापड आलं, पाइप आले, तारेची वेटोळी आली.
किंमत पडली माझी थोरली जाऊ.

आज वर्ष झालं. लोक म्हणतात, नंदाबाईंना वाऱ्यानं मारलं. मी तसं म्हणत नाही.

शेडनेट नव्हतं तेव्हा वैशाखात आमच्या ताटात भाकरी आणि लाल तिखट. बस.
दहा गुंठ्यांवर ही सावलीची जाळी उभी राहिली आणि भर उन्हात मेथी, पालक, काकडी. दोन्ही घरं खायची, उरलं तर भोकरदनच्या बाजाराला.
नंदाबाई म्हणायच्या, "मंगल, पोट हाय हे आपलं. छत्री धरल्यालं पोट!"

त्या दुपारी वादळात कापडाची एक बाजू सुटली आणि कापड पिसाळलं.

अशा वेळी कापडाची दोरी कापायची, कापड जाऊ द्यायचं. जाळी बसवणाऱ्यानं दोनदा बजावलं होतं.

कापड धरून ठेवायला बाईंनी दोरीचे मनगटाला दोन वेढे घेतले. बैलाचा कासरा धरतात तसे.

"मंगल, काप गं दोरी! हात तुटून राह्यला!"

विळा माझ्या हातात होता.

"नवं कापड आहे बाई! दम धरा जरा, थांबेल वारं!"

"मंग तुझ्या देवाला सांग, जल्दी कर म्हणावं!"

तेव्हासुद्धा माझ्या देवपूजेची चेष्टा.

पुढच्या झटक्याला त्यांचे पाय जमिनीवरून सुटले.
कापडानं त्यांना तारेवर आपटलं. उचललं. परत आपटलं.
मोडलेला पाइप गरगरत आला आणि कपाळावर बसला.
नारळ फुटावा तसा आवाज.

मी रोज पूजा करते. पण तेव्हापासून नारळ फोडत नाही.

मग मी विळा चालवला. एका घावात दोरी तुटली.
एकाच घावात.

जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. भोकरदन यायच्या आत बाई गेल्या. दोरी मनगटात रुतलेली, ती दवाखान्यात काढली.

मालक म्हणाले, "पुन्हा उभारायची का जाळी?"
मी हो म्हणाले. पोरांना खायला तर लागतंच. यंदाही वैशाखात मेथी केली. पहिला घास तोंडात फिरला. गिळला.

बाई, कापड गेलं असतं तर गेलं असतं. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं.
तुमच्या पायावर डोकं ठेवते.

ज्यांच्या शेतात जाळी आहे, त्यांनी हे आज घरातल्या बायांना वाचून दाखवा. वाऱ्यात कापड सुटलं की आधी दोरी कापायची, कुणाला विचारायचं नाही.
आणि वाचून दाखवलं, एवढं मला उलट निरोपानं कळवा. एका शब्दात कळवलं तरी चालेल.